डुक्कर, रोही आणि तुमचे पीक : कायद्यात राहून काय करता येते

मृग जवळ आला की प्रश्न सुरू होतात आणि मका-ज्वारी दुधात आली की त्यांना ऊत येतो. “डुक्कर मारायला आता मोकळीक आहे म्हणे, खरे का?” “अर्ज दिलाय, म्हणजे परवानगी झालीच ना?” “बंदुकीचा परवाना पीकसंरक्षणासाठीच आहे, मग आणखी कोणाला कशाला विचारायचे?”

या प्रश्नांमागचा वैताग खरा आहे. रात्रभर जागल करून पहाटे जरा डोळा लागावा आणि तेवढ्यात कळपाने भुईमूग उकरून टाकावा, हे ज्याने भोगलेले नाही त्याने शेतकऱ्याला वन्यजीव संरक्षणाचे धडे देऊ नयेत. पण वैतागाच्या भरात बांधावर सोडलेल्या करंटने माणसेही मेली आहेत आणि वाघही. म्हणून हंगामाच्या आधीच काय करायचे, काय टाळायचे आणि काय हक्काने मागायचे, ते इथे मांडले आहे. कायद्याची कलमे देशभर लागू आहेत. भरपाईची पद्धत महाराष्ट्रातली आहे. माकडे आणि वानरे यांचा विषय वेगळा असल्याने तो इथे घेतलेला नाही.

शिकारीचा हंगाम आता नाही

घरातल्या वडीलधाऱ्यांना शिकारीचे परवाने आठवत असतील. त्यांचे बरोबर आहे. मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता, आणि १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आल्यावरही काही प्राण्यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय शिल्लक होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. तेव्हापासून हौसेची शिकार, तिचा परवाना आणि तिचा हंगाम, तिन्ही गेले. गावात अजूनही कोणी “पूर्वी आम्ही हाके घालायचो” म्हणत दहा जणांना घेऊन रानात जात असेल, तर तुम्ही त्यात जाऊ नका.

दुसरी अफवा २०२२ च्या दुरुस्तीनंतरची, की डुक्कर यादीतून काढले. तसे झालेले नाही. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि डुक्कर व रोही तिसरीतून दुसरीत आले. म्हणजे संरक्षण आहेच.

तिसरी अफवा ‘उपद्रवी’ प्राण्याची. केंद्र सरकार कलम ६२ खाली ठरावीक भागापुरते आणि ठरावीक मुदतीपुरते एखाद्या प्राण्याला उपद्रवी ठरवू शकते. बिहारमध्ये डुक्कर व रोहीबद्दल २०१५ मध्ये आणि उत्तराखंडात डुकराबद्दल २०१६ मध्ये तसे झाले. ते आदेश तिथले आणि तेव्हाचे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्यांचा काही उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर अशी बातमी आलीच तर तीन गोष्टी बघा: जिल्हा कोणता, मुदत कधीपर्यंत आणि अधिसूचनेची प्रत कुठे आहे.

कायद्याच्या दृष्टीने ‘शिकार’ म्हणजे काय

नुसते मारणे एवढाच अर्थ धराल तर फसाल. पुढचे सगळे शिकारीत मोडते, प्राणी हाती लागला नाही तरी:

- विष घालणे. पिठाच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवणे
- फासे, वाघूर, सापळे किंवा विजेची तार लावणे
- आमिष ठेवणे. मारण्या-पकडण्यासाठी हाकून नेणे
- जखमी करणे. अवयव काढून घेणे
- पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी नासणे
- यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे

शिक्षाही माहीत असू द्या. डुक्कर किंवा रोहीच्या बेकायदा शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्राणी पहिल्या अनुसूचीतला असेल, किंवा जागा अभयारण्याच्या वा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. फास डुकरासाठी लावला आणि त्यात बिबट्या अडकला, तर “मी डुकरासाठी लावला होता” हे सांगून सुटका होत नाही. फास बिबट्याला ओळखत नाही आणि कायदा तुमचा हेतू विचारत बसत नाही.

प्राणी कोणता, हे आधी ठरवा

डुक्कर आणि रोही यांच्या बाबतीत पिकाच्या नुकसानीवरून मारण्याची परवानगी कायद्याने शक्य आहे. काळवीट, गवा, हत्ती, मोर, बिबट्या हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्याबाबत “पीक खाल्ले” हे कारण चालत नाही. सोलापूर-नगरकडे हरणांच्या कळपाने हरभरा खाल्ला किंवा राधानगरी-आजऱ्याकडे गव्यांनी ऊस मोडला, तर तुमच्यापुढे भरपाई आणि कुंपण हेच मार्ग आहेत.

प्राणी रात्री येतो आणि तुम्ही फक्त सकाळचे शेत बघता, त्यामुळे खुणा वाचता आल्या पाहिजेत. डुकराने जमीन नाकाने नांगरल्यासारखी उकरलेली असते. ओल्या मातीत दोन खुरांच्या मागे दोन बारीक टोकांचे ठसे उमटतात. रोही शेंडे आणि शेंगा खुडते, उकरत नाही. लेंड्या मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा टाकते. तो ढीग बांधाच्या आसपास सापडला की शंका उरत नाही.

नुकसान झाले : पहिले तीन दिवस

सगळ्यात जास्त प्रकरणे इथे बिघडतात. शेतकरी आधी आठवडाभर चिडतो, मग अर्ज करतो, आणि तोवर मुदत गेलेली असते.

- शेतात हात लावू नका. कुळव फिरवला की पुरावा गेला. पंचनामा होईपर्यंत ठसे, विष्ठा, मोडलेली धाटे जशीच्या तशी राहू द्या.
- फोटो तीन प्रकारचे काढा. शेत ओळखू येईल असा लांबून. नुकसान झालेला पट्टा. आणि ठशांजवळ टेप किंवा काडेपेटी ठेवून जवळून. मोबाइलमध्ये तारीख आणि ठिकाण नोंदले जाईल अशी सोय आधीच चालू ठेवा.
- तीन दिवसांच्या आत तक्रार द्या. वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी यांच्याकडे लेखी, किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर. तोंडी सांगितलेले मोजले जात नाही. कागदी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.
- कागद जोडा. सातबारा, आधार, बँक पासबुकाची प्रत. सातबारा सामाईक असेल तर बाकी खातेदारांचे संमतीपत्र.
- पंचनाम्याला स्वतः हजर राहा. क्षेत्र किती लिहिले, नुकसान किती टक्के धरले, हे वाचल्याशिवाय सही करू नका. पटले नाही तर सहीच्या वर “नोंदलेले क्षेत्र मान्य नाही” असे लिहून मग सही करा. प्रत मागून घ्या.

सातबाऱ्याबद्दल एक सावधगिरी. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर पीकपेऱ्याचा रकाना कोरा राहतो आणि “पीक होते कशावरून?” असा प्रश्न निघतो. पेरणी झाली की ती नोंद उरकून टाका. रानडुकराच्या लेखात ई-पीक पाहणीची गोष्ट निघेल असे तुम्हाला वाटले नसेल, पण प्रकरण अशाच कोऱ्या रकान्यावर अडते.

त्याच शेतात पंधरा दिवसांनी पुन्हा कळप शिरला तर पुन्हा अर्ज द्या. आधीच्या अर्जात तो धरला जात नाही.

वनजमिनीवर अतिक्रमण करून काढलेल्या पिकाला भरपाई नाही. वनगुन्ह्यात सापडलेल्या माणसालाही ती मिळत नाही. करंट लावणाऱ्याने हा हिशेबही करावा.

अर्ज पडून राहिला तर गप्प बसू नका. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली येते. ठरलेल्या मुदतीत निर्णय झाला नाही तर पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर राज्य सेवा हक्क आयोग असा मार्ग आहे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. अपील म्हणजे भांडण नव्हे. अर्जाचा क्रमांक आणि तारीख घातलेला एक साधा कागद पुरतो.

भरपाईने नुकसान पूर्ण भरून निघत नाही, हे तुम्हाला कोणी सांगायला नको. तरीही अर्ज करा असे मी आग्रहाने म्हणेन. ज्या गावातून अर्जच जात नाहीत, ते गाव वन खात्याच्या कागदावर सुखी असते. तिथे कुंपणाची योजना येत नाही आणि मारण्याच्या परवानगीला आधारही उभा राहत नाही.

पीकविम्यातली नवी सोय

प्रधानमंत्री पीकविमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून जादा जोखीम म्हणून धरण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ती आपोआप सगळीकडे लागू होत नाही. प्राणी आणि जिल्हे राज्याने अधिसूचित करायचे असतात. विमा भरताना आपला जिल्हा त्यात आहे का, हे कृषी सहायकाला विचारून घ्या. नुकसानीची खबर ७२ तासांत विमा ॲपवर फोटोसह द्यायची आहे. ही खबर आणि वन खात्याकडचा अर्ज वेगवेगळे आहेत. एक दिला म्हणून दुसरा झाला, असे समजू नका.

झटका आणि करंट यांत जमीन-अस्मानाचा फरक

झटका मशीन बॅटरीवर, बहुधा बारा व्होल्टच्या, चालते आणि सौर पॅनेल ती बॅटरी भरते. तारेतून साधारण सेकंदाला एक, अगदी क्षणभराचा ठोका जातो. दाब काही हजार व्होल्ट, पण ऊर्जा इतकी थोडी की जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. थेट घरगुती किंवा कृषिपंपाच्या लाइनला जोडलेल्या तारेत प्रवाह अखंड असतो. अंग चिकटते आणि सुटत नाही. विदर्भात वाघ असे मेले आहेत; पहाटे शेतावर निघालेली माणसेही.

थेट लाइनवर तार सोडली आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. आकडा टाकून वीज घेतली असेल तर वीजचोरीचा वेगळा गुन्हा. वन्यप्राणी मेला तर शिकारीचा तिसरा.

झटका मशीन घेताना आणि बसवताना:

- मशीनला थेट लाइन कधीही जोडू नका, बॅटरी उतरली असली तरी. बॅटरी खाली उतरवून वेगळी चार्ज करा.
- मशीन प्रमाणित आहे का, ठोका तुटक आहे का, हे दुकानातच तपासून घ्या. गावात बनवलेल्या स्वस्त पेट्या टाळा.
- डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून एक वीत, तिच्यावर आणखी दोन. फट मोठी ठेवली तर पिल्ले खालून जातात आणि त्यांच्यामागे आई तार तोडून जाते. रोहीसाठी कुंपण छातीच्या वर जायला हवे; ती उडी मारते.
- अर्थिंग ओलसर जागी आणि एकाहून जास्त सळ्यांचे करा. कुंपण “चालत नाही” अशी तक्रार आली की आधी अर्थिंग बघा.
- तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जिरतो. श्रावणात दर आठवड्याला तारेखालचे गवत काढणे हेच खरे काम. मशीन घेणारे पुष्कळ असतात, गवत काढणारे थोडे.
- रस्त्याच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा. शाळेच्या वाटेवर तर नक्कीच.

व्याघ्र प्रकल्पांच्या बफरमधील गावांसाठी सुरू झालेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदानाची तरतूद आहे. तुमचे गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. एकट्याच्या दोन एकरांना कुंपण घातले की कळप शेजारच्या शेतात जातो आणि भांडण बांधावर येते. दहा-बारा जणांनी मिळून शिवाराच्या जंगलाकडच्या बाजूला एकच कुंपण घातले तर तारही कमी लागते आणि राखणीच्या पाळ्याही लावता येतात.

पैसा कमी असेल तर भुईमुगाभोवती करडईच्या चार दाट ओळी, मक्याभोवती एरंडी, कायमच्या बांधाला सागरगोटी किंवा निवडुंग हे उपाय वापरून बघण्यासारखे आहेत. भोंगे, दिवे, केस, वासाची औषधे यांनी पहिले आठ-दहा दिवस गुण येतो, मग डुक्कर सरावते. म्हणून ही साधने पीक दुधात येईल त्याच दिवसांसाठी राखून ठेवा आणि जागा बदलत राहा.

मारण्याची परवानगी : कशी, कोणाकडे, कोणत्या अटींवर

कलम ११ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, प्राणी उभ्या पिकाला धोकादायक झाला आहे अशी खात्री पटल्यास, कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. ‘लेखी’ आणि ‘कारणे’ हे दोन्ही शब्द कलमातच आहेत. साहेबांनी फोनवर “ठीक आहे” म्हटले, ही परवानगी नव्हे. अर्जाची पोचही नव्हे. आदेशाचा कागद हातात पडल्याशिवाय बंदूक बाहेर काढू नका.

अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या. त्यात गट नंबर, पीक आणि त्याची अवस्था, कोणत्या तारखांना किती वेळा नुकसान झाले, आधीच्या भरपाई अर्जांचे क्रमांक आणि कुंपण, जागल, भोंगा असे काय काय करून पाहिले ते लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, आणि अधिकारी नेमका तोच शोधतो.

आदेश मिळाला की हे वाचा: प्राणी कोणता, संख्या किती, हद्द कोणती, मुदत कधीपर्यंत, मारणार कोण आणि कशाने. डुकराचा आदेश रोहीला चालत नाही. तुमच्या गटाचा आदेश शेजारच्या नाल्यात चालत नाही. तार, विष, फास, स्फोटक यांना तो मुभा देत नाही.

प्रत्यक्ष वेळी:

- शेजाऱ्यांना, पाणी देणाऱ्या गड्यांना आणि पोलिस पाटलांना आधी सांगा.
- उभ्या उसात, मक्यात, हलणाऱ्या सावलीवर गोळी झाडू नका. प्राणी पूर्ण दिसला पाहिजे आणि त्याच्यामागे माती असली पाहिजे. उघड्या क्षितिजाकडे सुटलेली गोळी कुठे जाईल सांगता येत नाही.
- पिल्ले असलेली मादी सोडा. कायद्यापेक्षा हा माणुसकीचा भाग आहे, पण पूर्वीचे जाणते शिकारीही तो पाळत.
- जखमी डुकराच्या मागे रात्री झुडपात शिरू नका. वनरक्षकाला कळवा आणि उजाडण्याची वाट बघा.
- मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता आहे. वन खात्याला कळवून पंचनामा करून घ्या. मटण वाटले तर परवानगी असूनही तुम्ही गुन्हेगार ठरता. आणि मांस कायदेशीर आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याची.

या मार्गावर माझा फार भरवसा नाही. डुकरीण एका वेताला चार-सहा पिल्ले देते. दोन डुकरे मारून कळप संपत नाही, आठवडाभर लांब राहतो. एखादे हट्टी जनावर कुंपण तोडूनच येत असेल तर परवानगीचा उपयोग होतो. शिवारातली डुकरे कमी करण्याचे साधन म्हणून ती घेऊ नका. डुक्कर हे वाघ, बिबट्या आणि रानकुत्री यांचे भक्ष्य आहे. ते जितके जंगलात मिळेल तितका तुमचा गोठा सुरक्षित.

बंदुकीचा परवाना

पीकसंरक्षणासाठी मिळालेला शस्त्रपरवाना बंदूक बाळगायला असतो, वन्यप्राणी मारायला नव्हे. हवेत बार काढून कळप पळवणे आणि कळपावर बार काढणे यांत कायद्याने मोठे अंतर आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल तर शस्त्रपरवान्याची नोंद वन खात्याकडेही करावी लागते. कोकणातल्या ठासणीच्या जुन्या बंदुकांचे मालक हे हमखास विसरतात. लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरणे हा वेगळा गुन्हा आहे, वाट तिथूनच जात असली तरी. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. बंदूक दुसऱ्याच्या हाती देऊ नका, तो कितीही चांगला नेमबाज असो.

अंगावर आले, विहिरीत पडले, मेलेले सापडले

स्वतःचा किंवा दुसऱ्या माणसाचा जीव वाचवताना प्राणी मारला गेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. ही सूट माणसाच्या जिवासाठी आहे, पिकासाठी किंवा गुरांसाठी नाही. शिवाय तुम्ही त्याच वेळी दुसरे बेकायदा कृत्य करत असाल, म्हणजे फास लावायला गेलात आणि डुक्कर अंगावर आले, तर ती लागू होत नाही. हल्ल्यात माणूस दगावला तर वारसांना पंचवीस लाखांपर्यंत मदतीची तरतूद राज्याने २०२३ मध्ये केली. त्यासाठी दवाखान्याचे कागद, शवविच्छेदन अहवाल आणि पोलिस पंचनामा जपून ठेवा.

विहिरीत पडलेले रोही किंवा डुक्कर दोर टाकून ओढायला जाऊ नका. गर्दी हटवा, मोटर बंद करा, वन खात्याची गाडी येईपर्यंत कुत्री बांधून ठेवा. उघड्या विहिरीला कठडा नसेल तर तो या उन्हाळ्यातच बांधून घ्या.

शिवारात फास दिसला तर तो काढून फेकू नका, फोटो काढून कळवा. काढलात तर लावणारा सापडत नाही, आणि तुमच्या हातात तो सापडला तर खुलासा तुम्हालाच करावा लागतो. मेलेला प्राणी दिसला तरी हेच.

वन खात्याची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६. तिच्याखाली तुमच्या बीटाच्या वनरक्षकाचा, वनपालाचा आणि महावितरणच्या लाइनमनचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा. बांधावर संशयित तार दिसली तर सगळ्यात आधी लाइनमनलाच फोन करा. फ्यूज तो काढू शकतो, बाकीचे नाही.